घरी कोणी नव्हतं

पिएत्राफोस्का, ३ मार्च २००२

प्रिय एल्बा आत्या,

पोचले. नेपल्सहून एक बस, मग दुसरी बस, आणि शेवटचा घाट पोस्टाच्या गाडीतून, पायाशी टपालाची पोती घेऊन. इथे अजून बर्फ आहे. तुमच्याकडे रोसारिओत ऋतू उलटे, तिकडे उन्हाळा संपत आला असेल.

गाव म्हणजे डोंगराच्या पाठीवर एकमेकांना टेकून उभी राहिलेली घरं. बहुतेक बंद. जी उघडी आहेत त्यांतही म्हातारी माणसंच. शाळेत कोंबड्या पाळल्या आहेत; फळा अजून भिंतीवर आहे आणि त्याच्याखाली अंडी मिळतात. मूल एकही नाही. मी विचारलं तर लोक हसतात, म्हणतात शेवटचं मूल आता पेन्शनीत निघालं.

कचेरीतल्या बाईने सगळं नीट सांगितलं. आधी घर भाड्याने घ्यायचं आणि 'मी इथे राहते' असं लिहून द्यायचं. मग कार्मिने नावाचा कचेरीचा शिपाई न सांगता एखाद्या दिवशी घरी येतो. चूल पेटते का, कपडे वाळत आहेत का, अंथरुणात कोणी झोपतं का, सगळं बघतो. माणूस घरात दिसलं की नाव गावात लागतं. मग दोनातो पणजोबा इथे जन्मले, त्यांचा मुलगा आजोबा, आजोबांचा मुलगा बाबा, बाबांची मुलगी मी, अशी साखळी जोडली की इटलीचं नागरिकत्व. आपल्या रोसारिओच्या वकिलातीत याच कामाला रांगेत वर्षं जातात. इथे राहिलं तर काही महिन्यांत होतं. रोमीचा जन्मदाखला आणि फोटोही मी लावून दिलाय. माझं झालं की तिचं माझ्यामागून होईल, मग तिला घेऊन मिलानला किंवा स्पेनला, जिथे काम मिळेल तिथे.

घराचं सांगायचं राहिलं. घर आपलंच आहे, आत्या. म्हणजे कोलासुर्दोंचं. कित्येक वर्षं कोणी राहिलेलं नाही, किल्ली शेजारच्या फिलोमेनाबाईंकडे असते. चौऱ्याऐंशीच्या आहेत, पाठीत वाकलेल्या, पण सरपणाची मोळी स्वतः आणतात. किल्ली देताना म्हणाल्या, "दिवसा कडी लावू नकोस."

"का? चोर येतात?"

"इथे चोरायला काय आहे? लावू नकोस म्हणजे लावू नकोस."

रोमीला सांग, आईने तिच्या उशीखाली ठेवलेला रुमाल धुवायचा नाही. आणि तुला किती त्रास देते ते खरं खरं कळव.

तुझी,
मिर्ता

*

रोसारिओ, १७ मार्च २००२

मिर्ता,

पत्र पोचलं. तू पोचलीस, बरं झालं. आता तिथे गेलीच आहेस तर काम करून ये. डोंगर बघत बसू नकोस. तो शिपाई येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तुझी सवय मला माहीत आहे. बँकेत असतानाही जेवणाच्या सुट्टीत नदीवर जाऊन बसायचीस आणि उशीर झाला की लोकांवर खापर.

त्या बँकेत लोकांचे पैसे अडकलेत, म्हणून काचेवर आता लाकडी फळ्या ठोकल्यात. रोज संध्याकाळी भांडी वाजवत मोर्चा जातो. मीही परवा एक कढई घेऊन गेले होते. रोमीने दोन झाकणं घेतली. तिच्याएवढा आवाज कोणीच केला नाही.

चौथीत गेली ती. खाते भरपूर, बोलते त्याहून भरपूर. मी उशांचे अभ्रे शिवून अदलाबदलीच्या बाजारात नेते आणि अंडी, पीठ, साबण घेऊन येते. तिला सगळं बाजारात मांडायची घाई. काल माझी कानातली ठेवायला निघाली होती.

दोनातो आजोबांचं घर मिळालं म्हणतेस. मी त्यांच्या मांडीवर खेळलेली, पण त्यांनी गावाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. विचारलं की उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचे. तुला काही कळलं तर लिही.

मला फोनवर ऐकू येत नाही, माझ्याशी बोलायचं तर पत्रच. पण रोमीसाठी कधीतरी रविवारी फोन कर. ती दाखवत नाही, पण टपालवाल्याची वाट बघते.

एल्बा

*

पिएत्राफोस्का, १ एप्रिल २००२

प्रिय आत्या,

आधी हे वाच आणि मग चिडायचं ते चीड.

मी घराबाहेर गेले होते. एकच दिवस. कागदांच्या भाषांतरावर एक शिक्का राहिला होता, तो जिल्ह्याच्या गावी, कांपोबास्सोला गेल्याशिवाय मिळत नाही. सकाळच्या गाडीने गेले, दुपारच्या गाडीने परत. चढ चढत होते तर समोरून कार्मिने खाली येताना दिसला, काखेत त्याची ती हिरवी फाइल. म्हटलं, संपलं. तो घरी आला, कुलूप बघितलं, आणि गेलं सगळं पाण्यात.

तर तो टोपीला हात लावून म्हणतो, "झालं तुमचं काम, बाई."

"कसलं?"

"तपासणी. घर नीट आहे. चूलही पेटलेली होती. मुलीने दार उघडलं. म्हणाली, आई पाव आणायला गेलीय, येईलच."

तो आपला बोलतोय, "गोड आहे हो पोर. आणि आपली जुनी बोली काय बोलते. माझी आजी बोलायची तशी. तिकडे एवढ्या लांब तुम्ही ती जपलीत याचं मला फार कौतुक वाटलं. दोघींचीही नावं लावून टाकतो मी. फोटो होताच फाइलीत."

घरी आले. दाराला कुलूप तसंच होतं, मी लावून गेले होते तसं. चूल पेटलेली होती.

फिलोमेनाबाईंना विचारलं, कोणाकडे नात वगैरे आलीय का पाहुणी. त्या म्हणाल्या, "इथे कोण येतंय." आणि शेंगा सोलत राहिल्या.

कार्मिने दारू पीत नाही. मी विचारलं लोकांना. बहुतेक तो चुकून दुसऱ्याच घरी गेला असेल, खालच्या गावात. आत्या, कचेरीत जाऊन खरं सांगू का? सांगितलं तर तपासणी रद्द होईल. नाही सांगितलं तर रोमीचंही नाव आत्ताच लागतंय, म्हणजे पुढचे किती खेटे वाचतील. तू सांगशील तसं करते.

मिर्ता

*

रोसारिओ, १५ एप्रिल २००२

मिर्ता,

पदरी पडलं आणि पवित्र झालं. गप्प बस. त्या शिपायाला चष्मा हवाय हा त्याचा प्रश्न. आपल्याला सरकारने आयुष्यभर जे हक्काचं होतं ते दिलं नाही; एका सरकारने चुकून काही दिलं तर तू परत करायला निघालीस? चूल तूच सकाळी पेटती ठेवून गेली असशील. घर पेटलं नाही हे नशीब.

इकडे मला डोक्याला ताप झालाय. रोमीची बाई हजेरीत तिची गैरहजेरी मांडते. पोर रोज शाळेत जाते, मी स्वतः फाटकापर्यंत सोडते. भांडायला गेले. बाई म्हणते, "बाई, मला ती वर्गात दिसतच नाही." मी म्हटलं, दुसऱ्या बाकावर बसते, खिडकीकडे. तर म्हणते, तो बाक रिकामा असतो. मी रोमीला हाताला धरून तिच्यासमोर उभी केली तेव्हा कुठे दचकली, "अरे, ही होय," म्हणाली, जशी काही कोपऱ्यातली छत्री सापडली. त्या सगळ्यांना तीन महिने पगार नाही, डोकं ठिकाणावर नसणार. तरी मी बोलायचं ते बोलून घेतलं.

बसवाल्यानेही परवा तिच्या तोंडावर दार लावलं. पुढे मी चढले, मागे ती. मी ओरडले म्हणून थांबला. वर मलाच म्हणतो, "कोण पोरगी?"

हल्ली ती भांडी वाजवायला येत नाही. म्हणते, आवाजच होत नाही. वयात येताना पोरी अशाच बोलतात, तूही कमी नव्हतीस.

एल्बा

*

पिएत्राफोस्का, २८ एप्रिल २००२

प्रिय आत्या,

तुझं ऐकलं. गप्प बसले. कचेरीतली बाई म्हणते, दोघींचे कागद एकदमच वर गेलेत आणि आजवर एवढ्या वेगाने कोणाचे गेले नाहीत.

पण इथे काय चाललंय ते तुला कसं सांगू. पावाची गाडी आठवड्यातून दोनदा येते. गाडीवाली बाई मला पावाबरोबर एक लहानसा गोड पाव देते. मी म्हटलं, मी मागवला नाही. म्हणाली, "पोरीला. पायरीवर बसली होती मगाशी, मी हात केला तर लाजली." वरच्या आळीतल्या एका आजोबांनी लहान मापाचे लोकरी मोजे आणून दिले. "अनवाणी फिरते ती. थंडी अजून गेलेली नाही." सगळ्यांना ती दिसते, आत्या. दिवसाढवळ्या, उन्हात. मी मागे वळेपर्यंत पायरी रिकामी.

मला एकदाही दिसलेली नाही. पण मोजे मी खाटेच्या कडेला ठेवले होते, ते आता मळलेत. तळव्याकडून.

पहिल्यांदा भीती वाटली. आता काय वाटतं ते तुलाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. बरं वाटतं. घरात कोणीतरी आहे असं वाटतं. मी भाजी चिरताना मोठ्याने बोलते. कधी कधी तिला रोमी म्हणते.

रविवारी फोन केला होता, इथल्या दुकानातून. तू उचललास, "थांब, देते तिला" म्हणालीस. मग नुसती खरखर. मी 'रोमी, रोमी' करत राहिले. श्वास घेतल्यासारखं काहीतरी येत होतं, शब्द एक नाही. रुसलीय का ती माझ्यावर? तसं असेल तर सांग तिला, फार दिवस राहिले नाहीत.

मिर्ता

*

रोसारिओ, ११ मे २००२

मिर्ता,

ती रुसली नव्हती. मी शेजारी उभी होते. ती तुझ्याशी घसा बसेपर्यंत बोलली. शाळेचं सांगितलं, दात पडला ते सांगितलं, तू कधी येणार ते तर कितीदा विचारलं. तिचे ओठ हलत होते, मान हलत होती. फोनमधलं मला ऐकू येत नाही म्हणून मी समजले की आवाज तुझ्यापर्यंत जातोय. तू काही बोलली नाहीस म्हणून फोन ठेवून ती न्हाणीघरात जाऊन बसली.

मी आता थट्टा करत नाही.

शाळेत तिच्या बाकावर दुसऱ्या मुलीला बसवलंय. ती मागे भिंतीला टेकून उभी राहते. शेजारची नोर्मा, जी तिला जन्मापासून ओळखते, ती परवा मला म्हणाली, "एल्बा, एकटीला घर खायला उठत असेल ना?" रोमी माझ्या कडेलाच होती, नोर्माच्या परकराला हात लावून. बोलायला तोंड उघडलं आणि काय बोलायचं तेच आठवेना.

आणि काल. काल मी भात-मसुराची आमटी केली, ताटात घेतली, बसले, जेवले. पुरं ताट संपवलं. भांडं घासायला उठले तर ती समोरच्या खुर्चीवर बसलेली. हात मांडीवर. जेवणभर बघत होती मला. मी एकच ताट वाढलं होतं, मिर्ता. मी. तिला रडूही येत नव्हतं. म्हणाली, "असू दे, आजी. सगळ्यांचं होतं असं."

रात्रीपासून मी तिचा हात सोडलेला नाही. हे पत्रही डाव्या हाताने कागद न धरता लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे.

तुला गप्प बसायला मी सांगितलं होतं. आता सांगते, बोल. ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे जा. त्या घरात पोर कोण आहे ते शोध आणि माझ्या पोरीचं जे काय तिने घेतलंय ते परत आण. पासपोर्ट गेला खड्ड्यात.

एल्बा

*

पिएत्राफोस्का, २४ मे २००२

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज सकाळी आलं. दुपारपर्यंत मी जे करायचं ते केलं. क्रमाने सांगते.

पत्र हातात घेऊन तशीच फिलोमेनाबाईंकडे गेले. त्या अंगणात राख चाळत होत्या. मी म्हटलं, "माझ्या घरात मुलगी आहे. कोण आहे ती?"

त्यांनी चाळण खाली ठेवली. "दिसली तुला?"

"मला नाही. सगळ्या गावाला दिसते."

"तुला नाही दिसायची. तुमच्या घरातल्या मोठ्यांना नाही दिसत ती. आधी घरच्यांनीच बघायचं सोडलं होतं ना."

मग त्यांनी सांगितलं. त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं, त्यांच्याच शब्दांत लिहिते. दोनातोची पहिली बायको इथली. बाळंतपणात गेली, मुलगी राहिली. लिबेरा नाव. ती नऊ वर्षांची असताना दोनातो अमेरिकेला निघाला (आपल्या देशालाही इथे तेव्हा अमेरिकाच म्हणत), पोरीला घेऊन. कचेरीत जाऊन दोघांची नावं कमी करून घेतली, घराला कुलूप लावलं. नेपल्सला बोटीत चढायच्या आधी डॉक्टरने पोरीच्या पापण्या उलटून बघितल्या. खुपऱ्या निघाल्या. हिला घेणार नाही म्हणाला. दोनातोचं तिकीट काढलेलं. त्याने गावच्या खेचरवाल्याबरोबर तिला परत धाडलं, आपल्या बहिणीकडे. म्हणाला, डोळे बरे झाले की बोलावतो.

मी विचारलं, "मग?"

"मग डोळे बरे झाले."

त्यांनी चाळण पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, "कचेरीत म्हणाले, ही तर अमेरिकेत आहे. इथून नाव कमी, तिथे लागलेलं नाही. शाळेतले मास्तर हजेरी घेताना तिच्यावरून पुढच्या मुलाकडे जायचे. पाद्री प्रसाद देताना तिला ओलांडून जायचा. आई म्हणायची, लोक दुष्ट नव्हते. लक्षच जायचं नाही कोणाचं. पहिल्यांदा ती रडायची, ओरडायची. मग दारात बसून राहायला लागली, बाप येईल तर त्याला तरी दिसेन म्हणून. तिची आत्या होती, जीव लावणारी. तिनेही एक दिवस एकच वाटी वाढली."

आत्या, तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी त्यांना त्यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

"मेली कशाने?" मी विचारलं.

"मेली असं कोण म्हणालं? मरायलासुद्धा आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं."

"मग आता का दिसते सगळ्यांना?"

"तू घरात नाव लावायला आलीस. एका पोरीची जागा केलीस. तिला वाटलं, आपलंच बोलावणं आलं." आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण ती जागा तुझ्या पोरीची होती ना."

मी चिडले. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस? माझंही वय झालं, मिर्ता. मी गेल्यावर तिच्याशी बोलणारं कोणी नाही इथे."

तिथून कचेरीत. कार्मिने एकटाच होता. मी म्हटलं, "माझी मुलगी इथे राहत नाही. ती या देशात कधी आलीच नाही. रोसारिओत आहे. नाव कमी करा तिचं. आत्ता."

"बाई, मी पाहिलं तिला."

"ती माझी नव्हती."

"मग कोणाची?"

"दोनातोची."

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याच्या आजीने त्यालाही सांगितलं असणार, कारण पुढे एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाला, "फोटो बघताना मला वाटलं होतं, ही ती नाही. पण घरात पोर असलेली बघून इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा बघितलंच नाही." मग समजावून सांगितलं. रोमीचं नाव कमी करायचं तर तपासणीच खोटी ठरते. त्या दिवशी मी घरी नव्हते हे लिहावं लागेल. म्हणजे माझंही नाव जातं. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट, आणि इथे राहायची माझी मुदत संपत आलीय.

"लिहा," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. 'तपासणीच्या वेळी घरी कोणी नव्हतं.' रोमीच्या नावावर रेघ मारली, मग माझ्या. सही करायच्या आधी पेन तसाच धरून बसला. म्हणाला, "हे लिहिताना बरं वाटत नाही हो. ती होती."

आम्ही दोघांनी मिळून तिचं, लिबेराचं, नाव दुसऱ्यांदा कमी केलं होतं.

घरी आले. ऊन डोक्यावर होतं, गावात चिटपाखरू नाही. मी पायरीवर बसले, एका कडेला, जागा ठेवून. आणि बोलले. वेडी म्हणशील तर म्हण. म्हटलं, लिबेरा, तुझे बाबा येणार नाहीत. ते तिकडेच वारले, म्हातारे होऊन, नातवंडांत. त्यांनी तुला बोलावलं नाही. का नाही ते मला माहीत नाही. मी त्यांची पणती आहे, मी बोलावते. माझ्याकडे तुला द्यायला इथला पासपोर्ट नाही, मला स्वतःला मिळालेला नाही. घर माझ्या आत्याचं आहे, लहान आहे, पण तिथे तुझ्यासाठी जागा करू. फक्त दुसऱ्या कोणाच्या नावाने यायचं नाही. आपल्या नावाने यायचं.

उत्तर आलं नाही. वाराही आला नाही. मी मोजे धुऊन पायरीवर वाळत घातले आणि सामान बांधायला घेतलं. परतीचं तिकीट बदलायचंय, त्याला थोडे दिवस लागतील. तोवर रोमीचा हात सोडू नकोस. तिला दिवसभर नावाने हाक मारत राहा.

मिर्ता

*

रोसारिओ, २१ जुलै २००२

श्रीमती फिलोमेनाबाई यांस,

मी एल्बा कोलासुर्दो, दोनातोची नात, मिर्ताची आत्या. हे पत्र तुम्हाला कार्मिने वाचून दाखवेल असं मिर्ता म्हणाली. माझं इटालियन वडिलांकडून ऐकलेलं आहे, चुकलं तर त्याने सुधारून वाचावं.

मिर्ता सुखरूप आली. नागरिकत्व नाही, हाताला काम नाही, पण आली. इथल्या वकिलातीच्या रांगेत नाव घातलंय. नंबर यायला रोमी मोठी होईल. होऊ दे. ज्या दिवशी येईल त्या दिवशी दोघी एकत्र जातील, एक पुढे एक मागे असं नाही.

रोमीचं सांगते. मे महिन्यात मिर्ताने कचेरीत नाव कमी करून घेतलं त्याच दिवशी, इथे सकाळ असताना, शेजारची नोर्मा कुंपणावरून वाकून म्हणाली, "रोमी, अगं किती दिवसांनी, आजारी होतीस का?" मी हातातली बादली तिथेच सोडली. त्यानंतरच्या आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी वर्गात फार बोलते. मी ती चिठ्ठी भिंतीला लावलीय.

मिर्ता आली त्या दिवशी आम्ही दोघी बसस्थानकावर गेलो होतो. मिर्ता बॅग ओढत येत होती. रोमी पळाली, तिच्या गळ्यात पडली, आणि मग मिर्ताच्या मागे बघून थोडी लाजली. मला म्हणाली, "आजी, हिला पण जागा दे ना." आणि बाकावर सरकून बसली.

मिर्ताला विचारलं तर म्हणाली, विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या माणसाने खाली वाकून विचारलं होतं, "मुलीचा पासपोर्ट?" मग डोळे चोळले आणि माफी मागितली. बाकी तिला वाटभर काही दिसलं नाही. फक्त कोटाच्या खिशात हात घातला की आत गार लागायचं.

मला दिसत नाही. मी रोज संध्याकाळी बघायचा प्रयत्न करते. ज्या खुर्चीकडे रोमी बोलत असते त्या खुर्चीकडे टक लावून बसते. तुम्ही मिर्ताला सांगितलंत ते खरं असणार, घरच्यांनी आधी बघणं सोडलं. मग घरच्यांनीच पुन्हा सुरू करायला हवं. मला वेळ आहे. कधी कधी वाटतं की खुर्चीची पाठ जिथून पूर्ण दिसायला हवी तिथून पूर्ण दिसत नाही.

हिशोबाने ती माझ्या वडिलांची बहीण. माझी आत्या. सहासष्टाव्या वर्षी मला नऊ वर्षांची आत्या मिळालीय, आणि मान तिलाच पहिला. म्हणून ताट मी आधी तिचं वाढते, मग रोमीचं, मग मिर्ताचं, मग माझं. वाढताना चौघींची नावं मोठ्याने घेते. रोमी हसते, पण मी घेतेच. एकदा चुकलेली बाई आहे मी.

पण ती जेवत नाही. मका, मसूर, मांस, गोड पाव, सगळं करून बघितलं. ताट तसंच राहतं, कधी कधी फक्त चमचा जरा हललेला असतो. रोमीला विचारलं तर म्हणते, "तिला कसं सांगायचं ते कळत नाही. तिला कोणी विचारलेलं नाही ना कधी."

म्हणून तुम्हाला लिहितेय. तुमच्याकडे त्या दिवसांत लहान मुलांना काय करून घालायचे? तुमच्या आईने कधी सांगितलं असेल, लिबेराला हे आवडायचं, ते आवडायचं, तर कळवा. किती शिजवायचं, मीठ कधी घालायचं, सगळं नीट कळवा. मी करीन.

आपली,
एल्बा कोलासुर्दो